बारा कोयते

पौर्णिमाबाईंची तयारी म्हणजे लग्नघरची तयारी. टेकडी केवढी, तर दोन तासांत चढून व्हावी एवढी. पण बाईंची यादी झाली दोन पानांची. मागच्या हिवाळ्यात अशाच सहलीत एका मुलीचा पाय मुरगळला आणि तिला पाठीवर घेऊन उतरताना सगळ्यांच्या तोंडाला फेस आला. तेव्हापासून बाई ताकही फुंकून प्यायच्या.

दिवाळी झाली की या गावाची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. घरांना कुलपं लागतात, आणि मागं राहिलेल्या मुली हंगाम संपेपर्यंत शाळेच्या वसतिगृहात बाईंच्या देखरेखीखाली राहतात. यंदा तेवीस होत्या. थंडीची संध्याकाळ आली की त्या पायऱ्यांवर बसून रस्त्याकडं बघायच्या, आणि ते बघणं बाईंना सहन व्हायचं नाही. पोरींना एक दिवस तरी मोकळं हसू दे म्हणून त्यांनी खंडोबाच्या टेकडीची सहल ठरवली होती.

आदल्या संध्याकाळी त्यांनी एकेकीचे पाय तपासले. भेगांना खोबरेल, पायांत दोन-दोन मोजे, डोक्याला कानटोपी. काठ्या, शिट्ट्या, चिकटपट्टी, पाण्याच्या बाटल्या. कुठल्या वाटेनं चढणार आणि किती वाजता परतणार, हे फळ्यावर लिहून ठेवलं. स्वयंपाकघरात सिंधुबाई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होत्या.

"बाई, टेकडीला चालला का लढाईला?" त्यांनी विचारलं.

"हसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "पोर पडली म्हणजे कळेल."

सगळ्यात महत्त्वाचा नियम बाईंनी शेवटी सांगितला. दोघी-दोघींनी जोडीनं चालायचं आणि एकमेकींचा हात सोडायचा नाही. मुलींना हे शिकवावं लागलं नाही. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्या लगेच आपापला कोयता जमवून उभ्या राहिल्या. बावीस मुलींचे अकरा झाले. उरली एकटी दीपमाला.

दीपमाला दहा दिवसांपूर्वीच आली होती. अकरा वर्षांची, हडकुळी, आणि मुखदुर्बळ तर इतकी की जेवायला वाढतानाही नुसती मान हलवायची.

"हिचा आणि माझा बारावा कोयता," बाई म्हणाल्या. दीपमालानं हात पुढं केला नाही, तेव्हा बाईंनीच तो धरला.

मुली झोपायला गेल्यावर सिंधुबाईंनी तवा उतरवला आणि आवाज खाली आणला. "बाई, त्या लेकराला हात धर म्हनू नका. तिची धाकटी गेली न्हवं मागल्या साली. मंगल. सात वर्साची हुती. फडाच्या कडंला कॅनॉल, पहाटंची धुई, आन आईनं हिच्या हातात हात दिलता तिचा. सुटला..."

बाईंना त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

सकाळी सातला निघाले तेव्हा ऊन कोवळं होतं. पुढं बाई, बाईंच्या उजव्या हातात दीपमाला, मागं अकरा जोड्या, आणि सगळ्यांच्या शेवटी काठी आपटत वसतिगृहाचे राखणदार शहादेवमामा. गवत वाळून सोनेरी झालं होतं. कुसळं मोज्यांत घुसत होती आणि मुली त्यावरूनही हसत होत्या. बाईंचा जीव सुपाएवढा झाला.

अर्ध्या चढावर सुरेखाच्या टाचेला फोड आला. बाई खाली बसल्या, पिशवीतून चिकटपट्टी काढली. पट्टी एका हातानं फाटेना. "इथंच थांब हं," असं दीपमालाला सांगून त्यांनी तिचा हात सोडला. किती वेळ? पट्टी लावून मोजा चढवायला लागतो तेवढा.

मान वर केली तर धुई आली होती.

दरीतून ते दाट धुकं कसं चढून आलं कुणाला कळलं नाही. आधी पलीकडची बाभूळ गेली, मग वाट, मग दोन हातांवरच्या मुलीही पुसट झाल्या. वारा थांबला. सगळीकडं ओल्या मातीचा वास सुटला. टेकडी तर महिनाभर कोरडी ठणठणीत होती.

"कुणी हलायचं नाही!" बाईंनी शिट्टी फुंकली. "कोयते मोजा!"

"एक!" दोन आवाज एकदम आले.

"दोन!"

"तीन!"

धुईतून आवाज येत गेले, कुठं हसू दाबलेलं, कुठं दात वाजणारे. दहा झाले. अकरा झाले. मग थोडा वेळ काहीच आलं नाही.

"बारा..."

बाईंनी श्वास सोडला. हिशोब बरोबर होता. रात्रभर घोकलेला आकडा कानावर पडला आणि त्या निर्धास्त झाल्या. "शाब्बास! धुई विरेपर्यंत सगळ्या जागेवर बसा," असं म्हणून त्यांनी दीपमालाला जवळ घ्यायला हात पुढं केला.

हाताला काहीच लागलं नाही.

बारावा कोयता तर त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मग बारा म्हणालं कोण? आणि आवाज दोन होते... त्यांना आता नीट आठवलं. एक घोगरा, फारसा न वापरलेला. दुसरा त्याहून लहान. आणि ते वाटेवरून आले नव्हते, डावीकडून आले होते. डावीकडं कडा होता.

"मामा, पोरींना धरून बसा! एकीलाही उठू देऊ नका!" एवढं ओरडून बाई काठीनं जमीन चाचपत डावीकडं निघाल्या. ओल्या मातीच्या वासात आता उसाच्या जळलेल्या पाचटाचा वास मिसळला होता, आणि कुठंतरी खाली, जिथं थेंबभर पाणी नव्हतं तिथं, पाणी वाहत होतं.

दीपमाला कड्याच्या अगदी टोकाला उभी होती. तिचा उजवा हात समोर ताठ पसरलेला होता, खाली दरी होती तिकडं, आणि तिची बोटं कशावर तरी घट्ट मिटली होती. तिच्या टाचा मुरमावरून हळूहळू, बोट-बोटभर पुढं सरकत होत्या. पायाखालचे खडे सुटून खाली जात होते आणि पडल्याचा आवाज येत नव्हता.

"दीपमाला... मागं ये, बाळा."

"न्हाई बाई." ती वळली नाही. "ती ओढायली मला."

"कोण?"

"मंगल. म्हनती, त्या दिशी सोडलास... आज सोडू नको."

बाईंनी झडप घालून तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागं खेचलं. पोर वीस-बावीस किलोची असेल. तसूभरही हलली नाही. उलट बाईंचेच गुडघे मुरमावरून पुढं घसरले.

"हात सोड तिचा!"

"आता न्हाई सोडायची..." दीपमाला कुजबुजली. "येकदा सोडलाय, बाई."

बाईंना भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण त्या भीतीच्या तळाशी त्यांना भडभडून आलं. सात वर्षांचं लेकरू. आईबाप फडात, बहीण लांब, आणि हे वर्षभर पाण्याच्या काठाला उभं, कुणीतरी हात धरेल म्हणून. याला काय रागवायचं?

उजव्या हातानं दीपमालाची कंबर आवळून बाईंनी डावा हात धुईत पुढं केला.

"मंगल," त्या म्हणाल्या. "अगं, ताईचा हात दुखायला लागला बघ. तो सोड. हा घे माझा. मी मोठी हाय... तू ओढलंस तरी मी पडायची न्हाई. आन मी सोडायची बी न्हाई."

खाली पाणी वाहत राहिलं. बाईंचा हात दुखू लागला, तरी त्यांनी तो मागं घेतला नाही.

मग पाणी थांबलं.

आधी करंगळी आली. गार, ओली, इवलीशी. मग एकेक करून बाकीची बोटं आली आणि बाईंच्या तळव्यात घुसली.

दीपमालाचा हात एकदम खाली पडला. ती बाईंच्या अंगावर कोसळली आणि हंबरडा फोडून रडली. दहा दिवसांत तिचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईंनी तिला उजव्या हातानं थोपटलं. डावा हात त्यांनी कड्यापासून हळूच आत घेतला.

धुई विरली तेव्हा दहा वाजले होते. बाईंनी सहल तिथंच थांबवली. वाटेवरच भाकरी सोडल्या. शहादेवमामांनी एकेकीच्या डोक्याला हात लावून मुली मोजल्या. तेवीस. सुरेखानं आणि तिच्या जोडीदारणीनं दीपमालाला मधे घेतलं, आणि तीन माणसांचा कोयता कुठं असतो का, यावर उतरताना सगळ्यांची खूप मस्करी चालली. दीपमालाही एकदा हसली. बाई सगळ्यांच्या मागून येत होत्या, वाटेच्या एका कडेनं, लहान लहान पावलं टाकत. मामांना वाटलं, दमल्या असतील.

संध्याकाळी पायऱ्यांवर कुणी बसलं नाही. आतून मुलींचा दंगा ऐकू येत होता. बाई चुलीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर डाव्या बाजूला ओढून घेतलेला. सिंधुबाईंनी चहा दिला, तो त्यांनी उजव्या हातानं घेतला. बुटांच्या नाड्याही त्या एकाच हातानं सोडू बघत होत्या.

"बाई, डाव्या हाताला लागलंय काय?" सिंधुबाई तेलाची वाटी घेऊन जवळ आल्या. "कवापासनं मूठ का म्हून धरलीया? आना हिकडं, चोळून देते."

बाईंनी मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, मावशी... आत्ताच डोळा लागलाय तिचा."