चौदा घरांची नाडी

सकाळी सातला तबस्सुम सोलकर उकडलेलं अंडं घेऊन जयवंत भाटकरांच्या पडवीत हजर व्हायची. अंडं बशीत, शेजारी चिमूटभर मीठ, आणि चेहऱ्यावर हवालदाराचा भाव. शेवटचा घास घशाखाली उतरल्याशिवाय ती जागची हलत नसे.

"गिळलंत?"

"गिळलं गो बाय. तोंड उघडून दाखवू?"

"दाखवा."

एकोणऐंशी वर्षांचे जयवंत मुकाट्याने तोंड उघडून दाखवत. मग भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीवर पंजा ठेवत. पट्टीवरचं यंत्र त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकायचं, दहापर्यंत मोजायला लागतो तेवढ्या वेळात हिरवा दिवा लावायचं, आणि चौदा घरांना पुढच्या चोवीस तासांची फुकट वीज मिळायची. याला नाडीमीटर म्हणत. प्रत्येक माणसाच्या हृदयाची चाल वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी, आणि ती उसनी देता येत नाही, असं तो बसवणारे इंजिनियर सांगून गेले होते.

आधी अंगठाच चालायचा. मग एका घरातला म्हातारा गेला तर त्याला दोन दिवस बर्फात ठेवून घरचे त्याचा अंगठा लावत राहिले, अशी बातमी फुटली. खरं-खोटं देव जाणे. त्या आठवड्यात बंदरावरचा बर्फ मात्र बराच खपला होता.

नवं खारवडे म्हणजे कातळाच्या सड्यावरची पुनर्वसन वसाहत. जुनं खारवडे खाली समुद्राकाठी होतं. आता तिथे अणुवीज प्रकल्पाचं कुंपण आणि दोन करडे घुमट आहेत. जमीन सोडताना एकसष्ट जणांनी करारावर सह्या केल्या, त्यांत अठ्ठावीस वर्षांचे जयवंत होते. करारात एक कलम होतं: सही करणारा हयात असेपर्यंत तो ज्या छपराखाली राहील, तिथल्या विजेचं बिल येणार नाही. तेव्हा वीज स्वस्त होती. लोक जमिनीच्या भावावरून आणि नोकऱ्यांवरून भांडत होते, कलम कोणी धड वाचलंही नाही.

अणुभट्ट्या दहा वर्षांत उभ्या राहायच्या होत्या, सतरा लागली. वाढलेला खर्च 'बांधकाम अधिभार' या नावाने राज्यातल्या घराघराच्या बिलात वाटला गेला. लोक छपरावर सौरपट्ट्या लावून सुटू पाहायला लागले, तेव्हा त्यांच्यावर 'स्थिरता शुल्क' बसलं. अणुभट्टी काही पंख्यासारखी एकवर-दोनवर करता येत नाही. ती अखंड चालवावी लागते आणि तिची वीज कुणीतरी घ्यावीच लागते, असं त्याचं कारण होतं. ते शुल्क भरण्यापेक्षा बिल बरं, म्हणून लोकांनी पट्ट्या उतरवून ठेवल्या. शहरात माणसं संध्याकाळी फ्रिज बंद ठेवायला आणि उन्हाळ्यात पंख्याची पाळी लावायला शिकली.

खारवड्यात मात्र बाळा मेस्त्रीने करारातला 'छप्पर' हा शब्द हेरला. सही करणारा एखादा वारला की त्याच्या घरापासून जिवंत माणसाच्या घरापर्यंत बाळा पत्रे टाकायचा. अधिकारी आले, फीत लावून मोजून गेले, छप्पर सलग आहे हे त्यांना नाकारता येईना. एकसष्टांचे वीस झाले, विसांचे पाच. काही घरं शहरात गेली. उरलेली चौदा आता जयवंतांच्या घराला पत्र्यांनी जोडलेली होती, आणि मधल्या बोळात भर दुपारी अंधार असायचा.

शेवटचे उरलेले सहीवाले म्हणून जयवंतांचे जे लाड चालत, ते पाहून कुणालाही हेवा वाटला असता. ते शिंकले की चौदा घरांत काढा उकळायचा. माडी बंद, तंबाखू बंद, खाली समुद्राकडे जाणं तर पार बंद, कारण उतार निसरडा. त्यांची बायको सुरेखा होती तोवर हसायची. "तुमाला गावाने पाळलाय," म्हणायची. ती गेली त्या दुपारी तिला उचलायच्या आधी बाळा मेस्त्रीने जयवंतांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "काका, प्रेशरची गोळी घेतलात ना?" सात वर्षं झाली, तो प्रश्न काही त्यांच्या मनातून गेला नाही.

ते दमले होते. आजारापेक्षाही या काळजीने दमले होते. ही माणसं आपल्यासाठी येतात की नाडीसाठी, एवढंच त्यांना एकदा कळायला हवं होतं, आणि ते कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर सगळे एकाच तोंडाने म्हणणार, तुमच्यासाठीच हो काका.

त्या सोमवारी हिरवा दिवा लागायला तीन वेळा पंजा ठेवावा लागला. मग यंत्र बोललं, "ठोक्यांमध्ये खंड आढळला. कृपया डॉक्टरांना दाखवा."

तबस्सुमने बशी खाली ठेवली आणि बाळाला हाक मारली. तासाभरात बाळाची गाडी जयवंतांना घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघालीसुद्धा.

तिथली तरुण डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "काका, हृदय फार हळू चाललंय. पेसमेकर बसवू. तासाभराचं काम आहे."

"नाय बसवला तर?"

"तर एक दिवस चालता चालता थांबेल. आठवड्याने किंवा वर्षानेही, ते मी सांगू शकत नाही."

"आणि बसवला तर हृदयाची चाल तीच राहील?"

तिला प्रश्न कळला नाही. "छे, चाल मग यंत्रच ठरवणार. उलट छान, एकसारखी होईल."

विचार करून सांगतो, असं म्हणून जयवंत गाडीत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी जयवंत एकटेच प्रकल्पाच्या कचेरीत गेले. हयात-नोंदणीचं टेबल आर्या वाघ नावाच्या अधिकारी बाईंकडे होतं. त्यांनी चहा मागवला, नियम पडद्यावर काढला, दोनदा वाचला.

"काका, नियमात 'नैसर्गिक नाडी' असा शब्द आहे. वीस वर्षांपूर्वी तुमची नोंदवली, तीच जुळावी लागते. नाही जुळली तर यंत्र हयात धरत नाही."

"मी समोर बसलोय तुमच्या."

"ते मला दिसतंय हो. यंत्राला नाही दिसत."

जयवंतांनी चहा संपवला. ते अठरा वर्षं याच प्रकल्पाच्या पंपघरात कामाला होते. पाण्याने भट्टी थंड ठेवणारे ते पंप रात्रंदिवस फिरत असत.

"मॅडम, एक विचारू? एक नंबर भट्टीचे चारही पंप आमी बदलले. मी स्वतः दोरखंड धरलेला. नंतर वाफेच्या नळ्या बदलल्या. सगळा कारभार बघणारा संगणक तर दोनदा बदलला. मागल्या वर्षी तुमी तिला आणखी तीस वर्षं दिलीत. तेव्हा कोण बोलला काय, की ही भट्टी नवी, आता करार नवा करा, जमिनीचा भाव नवा द्या?"

"नाही."

"भट्टी तीच. मग माजा एक पंप बदलला तर मी दुसरा कसा?"

आर्या वाघांनी खिडकीतून घुमटाकडे पाहिलं. "माझी आई ठाण्याला दुपारी पंखा बंद करून बसते," त्या म्हणाल्या. "मी इथे नोकरीला, आणि आईला बिलाची भीती. तुमचा प्रश्न बरोबर आहे, काका. उत्तर द्यायचा अधिकार माझा नाही. मी जसाच्या तसा वर पाठवते. तीन महिने तरी लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर नियम आहे तोच."

संध्याकाळी पत्र्याखाली सगळे जमले. जयवंतांनी दोन्ही बाजू सांगितल्या. पेसमेकर बसवला तर फुकटची वीज जाणार, आणि बिलाची तर कुणालाच परवडणारी नव्हती. नाही बसवला तर आज ना उद्या तेही जाणार आणि वीजही जाणार. पण तोवरचे दिवस मिळतील. "तुमी सांगाल तसं," ते म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला, कारण 'बसवा' असं कोण म्हणतं, ते ऐकण्यासाठीच त्यांनी विचारलं होतं.

नका बसवू, असं कोणी म्हणालं नाही. बसवा, असंही कोणी म्हणालं नाही. बाळा नखं बघत बसला. एका बाईने पदराने डोळे पुसले. जयवंतांची नजर फिरत फिरत तबस्सुमवर आली. तिचा नवरा दम्याचा, दिवसातून चार वेळा विजेच्या यंत्रावर वाफ घ्यायचा. मासळीच्या दोन शीतपेट्यांवर तिचं घर चालायचं. एरवी देवालासुद्धा चार शब्द सुनावणारी ती बाई त्या दिवशी गप्प होती. मान खाली घालून चटईची काडी मोडत होती.

जयवंतांना फार वाईट वाटलं. तिच्याकडून नव्हती ही अपेक्षा. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं, की चौदा घरांपुढे एक म्हातारा म्हणजे किती, आणि आपण तरी जगून कुठे दिवे लावणार आहोत. "ऱ्हावदे," ते म्हणाले. "नाय बसवत. उठा, जेवायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी सातला अंडं आलं. जयवंतांनी ते न खाता वळचणीच्या कावळ्याला टाकलं. तबस्सुमने पाहिलं आणि रिकामी बशी उचलून ती निघून गेली.

नवव्या दिवशी दुपारी ते कुणालाही न सांगता समुद्राकडे उतरले. आता कुणाच्या बंदीला घाबरायचं? कुंपणाबाहेर जुन्या खारवड्याचा एक तुकडा शिल्लक होता, होडी ओढायची जागा. भट्टी थंड करून येणारं पाणी तिथे समुद्राला मिळायचं. त्यांनी पाय बुडवले. पाणी कोमट होतं. लहानपणी इथे पाय टाकला की थंडीने शहारा यायचा, हे त्यांना आठवलं, आणि सुरेखेला सांगावं असं वाटलं. मग वाळू वर आली आणि ते कोसळले.

शुद्ध आली तेव्हा ते रुग्णालयात होते. बंदरावरून मासळी घेऊन परतणाऱ्या तबस्सुमने त्यांना पाहिलं होतं आणि मासळीच्या टेम्पोतच घातलं होतं. त्यांच्या सदऱ्याला बांगड्यांचा वास येत होता. पडद्यापलीकडून आवाज आले.

"रुग्णाशी नातं?" कारकून विचारत होता.

"एका छपराखालचे."

"असं नातं फॉर्मात नाही, बाई. मुलगी, सून, पुतणी?"

"नसेल तर लिवा. छप्पर सरकारने मोजलेला हाय, फीत लावून."

"तबस्सुम," जयवंत होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाले, "नको गो. लाईट जाईल. तुज्या पेट्या..."

ती पडदा सारून आत आली. "गप ऱ्हावा. त्या दिवशी माज्या तोंडातून शब्द फुटला नाय, त्याची लाज मला रोज अंडं उकडताना वाटते. तुमी कावळ्याला टाकलंत ना, बरोबर केलंत." मग तिने पेसमेकर बसवायच्या फॉर्मवर सही केली.

रुग्णालयाचा दाखला दिला की पट्टीवर पंजा ठेवण्यातून पंधरा दिवसांची सूट होती. ते पंधरा दिवस खारवडे सुतक असल्यासारखं वागलं. लोकांनी शीतपेट्या रिकाम्या केल्या, अंगणात चुली मांडल्या, तबस्सुमच्या नवऱ्यासाठी हाताने दाबायचा पंप आणला. दोन घरांनी जयवंतांशी बोलणं टाकलं. सोळाव्या दिवशी त्यांनी पट्टीवर पंजा ठेवला. छातीतलं यंत्र छान, एकसारखं चालत होतं.

"ओळख पटली नाही," नाडीमीटर म्हणाला. लाल दिवा लागला. पत्र्याखालचे पंखे एकामागून एक मंदावत थांबले.

पुढच्या दिवशी सकाळी जयवंत पडवीत बसले. का बसले, हे त्यांना सांगता आलं नसतं. सात वाजले. सव्वासात झाले. बोळात अंधार होता आणि कोणी येत नव्हतं. कळलं ना आता, ते मनाशी म्हणाले, तुलाच कळून घ्यायचं होतं.

साडेसातला तबस्सुम आली. कपाळाला काजळी, डोळे धुराने लाल, हातात बशी.

"लाकडं ओली होती. उशीर झाला."

"आता कशाला गो?"

"म्हंजे? भूक बंद झाली काय तुमची?" ती खेकसली आणि समोर उभी राहिली. "खावा."

जयवंतांनी अंडं तोंडात घातलं. डोळ्यांतलं पाणी लपवायला त्यांनी मान वळवली.

"गिळलंत?"

ते मानेनेच हो म्हणाले. तेवढ्यात शिडी आणि पाना घेऊन बाळा मेस्त्री बोळातून आला. कितीतरी दिवसांनी तो जयवंतांच्या नजरेला नजर देत होता. वरच्या पत्र्यांकडे बोट करून तो म्हणाला, "काका, वरून उत्तर यायचं तेव्हा येईल. आता ह्या छपराचा उपयोग तर काय नाय. बोळात थोडं ऊन तरी पडेल. मग... पत्रे काढू, की ऱ्हावदे?"