गिळलेला ठोका

चढाच्या अगदी मध्यावर मोटरसायकल अडून बसली. पुढे जाईना, मागे येईना. वरून झिमझिम पाऊस, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्या हातातलं बळ तर कधीच संपलेलं. आता रडावं की गाडीला शिव्या द्याव्यात, हे ठरायच्या आतच मागून आवाज आला –

“ढकलून काही व्हायचं नाही. मागचा ब्रेक धरलाय तिनं.”

तिनं वळून पाहिलं. एका तरुणानं आपली छत्री सरळ तिच्या हातात दिली आणि तो चाकापाशी उकिडवा बसला. खिशातून पक्कड काढली, कुठलासा नट सैल केला, आणि इतका वेळ हटून बसलेलं चाक गुमान फिरलं.

“तुम्ही खिशात पक्कड घेऊन फिरता?”

“तुम्ही भेटणार हे ठाऊक नव्हतं. नाहीतर धुतलेला रुमाल घेतला असता.”

तिला हसू आलं. ते तिनं छत्रीआड लपवलं… पण अर्धंच.

“निघालात कुठं?”

“चौकातल्या मोठ्या गॅरेजात.”

“चांगलं आहे ते. माझं इथंच आहे, ते निळं दार. पण तुम्ही जा. चढ अजून अर्धाच उरलाय.”

तिनं चढाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चढ फारच मोठा होता. निदान तिनं स्वतःची समजूत तशी घातली, आणि गाडी निळ्या दाराकडे वळली.

गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. वय तसं मिस्त्री म्हणवून घेण्याजोगं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. शेजारच्या गाळ्यात एक मावशी गाड्यांच्या सीटा शिवत. शिवता शिवता मिस्त्रीच्या गिऱ्हाइकांच्या चौकशा करणं हा त्यांचा खरा धंदा असावा. त्यांनी तासाभरात तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

गाडी तिच्या बाबांची. ते पाणीपुरवठ्यात होते. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिला कान लावायचा आणि जमिनीखाली पाइप कुठं गळतोय ते सांगायचं, हे त्यांचं काम. सारं शहर त्यांनी याच गाडीवर पालथं घातलं होतं. पुढे डोळे अधू होत गेले. एक दिवस त्यांनी स्वतःच गाडी मागच्या पडवीत लावली, वर ताडपत्री घातली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. आई गेल्यावर तर त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. आता पार दिसेनासं झालं होतं. खिडकीपाशी बसून राहायचे. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी.

“गाडीला शेजारी बसायचा डबा जोडून द्याल?” तिनं विचारलं. “मी चालवीन, ते बसतील. माझ्या हाताला धरून ते बाहेर यायचे नाहीत. तिच्यासाठी आले तर येतील.”

मिस्त्रीची थट्टा तिथल्या तिथे थांबली. त्यानं गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. “येतील,” तो एवढंच म्हणाला.

मग तिच्या संध्याकाळी निळ्या दाराकडे वळू लागल्या. ती वाचनालयात काम करायची. दिवसभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसायचं आणि संध्याकाळी हातोड्यांच्या ठणठणाटात. गंजून अडकलेला पिस्टन डिझेलमध्ये भिजून भिजून एकदाचा सुटला. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी गेल्या, नव्या आल्या. टाकीला जुनाच काळा रंग चढला. शेजारचा डबा त्यानं पत्रा ठोकून स्वतः घडवला आणि मावशींनी त्यात जाड गादी शिवली. चढायला सोपं जावं म्हणून बाजूला एक पायरी, आणि हात टेकेल तिथं एक कडी. ही कडी तिनं सांगितली नव्हती. त्यानं डोळे मिटून डब्यात चढून पाहिलं होतं, दोनदा आपटला होता, मग बसवली होती. हे मावशींकडून कळलं तेव्हा तिनं ती कडी उगाच दोनदा धरून पाहिली.

मैदानावर त्यानं तिला तीन चाकांची गाडी चालवायला शिकवली.

“डावीकडे वळताना भीती वाटते.”

“वाटू द्या. मी मागे बसलोय ना.”

“म्हणून तर वाटते.”

मिस्त्रीचे कान लाल झालेले तिला आरशात दिसले.

गाडी पुरी झाली तेव्हा तो ती घरी घेऊन आला. तिनं बाबांना जेमतेम पायरीपर्यंत आणलं. मिस्त्रीनं किक मारली. एका किकेत गाडी सुरू. आवाज असा की ऐकत राहावं, एकसारखा, कुठं खोट नाही.

बाबांनी मान कलती केली. ऐकलं. मग सभ्यपणे म्हणाले, “छान आहे. कुणाची?”

“बाबा, आपलीच.”

“आपली नव्हे बाळा. आपली मधेच एक ठोका गिळायची. तुझ्या आईला कोपऱ्यावरूनच कळायचं, ती चहा टाकायची.” ते भिंत चाचपत आत गेले. “त्यांना दुखवू नकोस. काम चांगलं करतात.”

खिडकीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिला भरून आलं. मिस्त्रीनं गाडी बंद केली आणि टाकीवर हात ठेवला.

“तो ठोका मी दुरुस्त केला,” तो म्हणाला. “बिघाड समजून. जरा जास्तच नीट केली मी ही.”

“परत बिघडवता येईल?”

“येईल. हळू चालताना तेवढा चुकेल, इंजिनाला त्रास नाही. पण कसा चुकायचा ते मला कोण सांगणार? मी तो नीट ऐकलाच नाही, ऐकताक्षणी मिटवला.” मग तो थांबला. “तुम्हाला आठवतो?”

आठवतो म्हणजे काय, लहानपणाच्या सगळ्या संध्याकाळी त्या आवाजानं भरल्या होत्या. पण आठवणं वेगळं आणि चारचौघांत तोंडानं काढून दाखवणं वेगळं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात तिनं आधी दार लोटून घेतलं.

“ढग-ढग-ढग-ढग… हुक्… ढग-ढग.”

पलीकडे मावशींचं शिवणयंत्र बंद पडलं. हसू आवरताना त्यांनी बोटात सुई टोचून घेतली म्हणे. मिस्त्री मात्र गंभीर होता. त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवला.

“हुक् आखूड की लांब?”

“आखूड. म्हणजे… उचकी लागता लागता राहते ना, तसं.”

“परत एकदा.”

असं रोज चाललं. आज हुक् जमलं तर पुढचा ढग चुकायचा, उद्या ढग जमला तर हुक् हरवायचं. एकदा पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून त्याला ऐकूच आलं नाही. तो म्हणाला, “उद्या या.” ती गेली. जाताना आपण आरशात का बघतो, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

शेवटी मावशींनाच राहवलं नाही. “अगं, त्यानं ते हुक् कधीच पकडलंय. तू गेलीस की गाडी चालू करून ऐकत बसतो, आणि तू यायच्या आधी स्क्रू फिरवून ठेवतो.”

ती तडक आत गेली. “मावशी म्हणतात ते खरं?”

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. “खरं आहे.”

“बाबा तिकडे खिडकीपाशी बसलेत… आणि तुम्हाला इथं गंमत सुचते.”

सबब नाही, थट्टा नाही. “चुकलं माझं,” म्हणाला. “उद्या सकाळी आणतो.”

ती घरी आली ती रागातच. पण रात्री त्या रागात डोकावून पाहिलं तर तळाशी वेगळंच काही हसत बसलेलं. मग तिला स्वतःचाही राग आला.

सकाळी ती बाबांचं अंथरूण आवरत होती. कोपऱ्यावर आवाज उमटला. ढग-ढग-ढग-ढग… हुक्…

बाबा खुर्चीतून उठले. तिनं काही सांगितलं नव्हतं. काठी तिथंच राहिली, भिंतीला हात लावायचंही ते विसरले आणि थेट फाटकापर्यंत गेले. गाडी पुढ्यात येऊन थांबली, तशी त्यांनी टाकीवर तळवा ठेवला. ऊन टाकीवर, इंजिनाची थरथर हातात.

“हीच,” ते म्हणाले. “तुझी आई आत्ता उठली असती बघ.” आणि ते रडले. ती पण रडली. आई गेल्यानंतर दोघं एकत्र रडायची राहून गेली होती.

मग ते कडी धरून डब्यात बसले. तिनं गाडी चालवली, मिस्त्री मागे बसला. बाबा सगळा वेळ वाटेतली वळणं न बघता सांगत होते. पाण्याच्या टाकीपाशी थांबायला लावून त्यांनी तिथल्या माणसांना हाका मारल्या. परतताना म्हणाले, “उद्या जरा लांब जाऊ.” त्या ‘उद्या’साठी तिला मिस्त्रीचे पाय धरावेसे वाटले.

“मिस्त्री, हा ठोका जमवलात कसा?”

“तुमच्या मुलीनं तोंडानं काढून दाखवला.”

“हिनं?” बाबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. “कितीदा?”

“लागेल त्याहून… जास्तच वेळा.”

बाबांनी मान कलती केली. जमिनीखालची गळती ऐकणारे कान ते. “अस्सं,” एवढंच म्हणाले.

फाटकाशी ती मिस्त्रीपाशी थांबली. “तुमचे आभार कसे मानू…”

“मानू नका,” तो घाईनं म्हणाला. “मला काही विचारायचं होतं तुम्हाला. पण आज नाही विचारणार. आभाराच्या भरात तुम्ही हो म्हणाल, आणि मला ते नकोय.” तो चालत निघून गेला. डब्यात ठेवलेली छत्री तिथंच विसरला.

ती विसरलेली छत्री तिनं दुसऱ्या दिवशी वाचनालयात खुर्चीला अडकवून ठेवली आणि दिवसभर आपलं मन चाचपून पाहिलं. आभार होतेच, जन्मभर पुरतील इतके. पण आभार बाबांच्या खुर्चीपाशी होते. हे दुसरं काहीतरी चढावरच्या त्या पक्कडीपासूनचं होतं.

संध्याकाळी निळं दार उघडंच होतं. मिस्त्री एका स्कूटरखाली आडवा होता. मावशींचं यंत्र चालू होतं, दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिनं दार लोटलं नाही. भर दारात उभी राहिली, आणि वाचनालयात कधी काढला नसता अशा आवाजात म्हणाली,

“ढग-ढग-ढग-ढग… हुक्…”

आणि थांबली.

यंत्र थांबलं. गिऱ्हाइकं वळली. स्कूटरखालून आधी एक पाना गडगडत बाहेर आला, मग ग्रीसनं माखलेला चेहरा. तो तिच्याकडे बघत राहिला. ती पुढचं बोलेना. तिला बोलायचंच नव्हतं, तिचं बोलून झालं होतं.

हळूहळू त्याच्या लक्षात आलं, काल न विचारलेल्याचं हे उत्तर होतं. कान लाल झाले.

“…ढग,” तो म्हणाला.