कोरा धुमा

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. हे सांगावं लागतं, कारण हल्लीच्या लोकांना पखवाज म्हणजे दोन्हीकडून बडवायचं लाकूड एवढंच ठाऊक. उजवीकडे शाई असते, ती कायमची. डावीकडे, ज्याला धुमा म्हणतात, तिथे भजनाला बसण्याआधी मूठभर ओली कणीक थापायची आणि भजन संपलं की नाण्याने खरवडून काढायची. कणीक असली की धुमा पोटातून बोलतो. नसली की नुसतं चामडं वाजतं, रिकाम्या डब्यासारखं. त्याला आमच्यात कोरा धुमा म्हणतात. कोऱ्या धुम्यावर कोणी भजन करत नाही.

माझे यजमान भिकाजी, गिरणीत लूम खात्यात, म्हणजे मागावर होते आणि रामू बुवांच्या मंडळात पखवाजाला. डाव्या हाताचं मधलं बोट लूमने खाल्लेलं, एकच पेर उरलेलं. तरी त्यांचा हात असा की चाळीतल्या बायका भांडी घासायच्या थांबायच्या. गजर संपला की धुम्यावर दोन हलक्या टिचक्या मारायचे. ती बुवांना खूण होती, पुरे म्हणून. घरी मी ताटात जास्त वाढलं तरी ताटाच्या कडेवर त्याच दोन टिचक्या.

मी खानावळ चालवायची. बारा गिरणीवाले माझ्याकडे जेवायचे, त्यामुळे किती कणकेच्या किती पोळ्या हे मला डोळे मिटून कळतं. मी अंगात येणारी किंवा नवस बोलणारी बाई नव्हे. म्हणून जे झालं ते झालं तसंच सांगते, विश्वास ठेवायचा तर ठेवा.

संप लागला आणि बाराच्या बारा जण एकेक करून गावाला गेले. अकराव्या महिन्यात आमच्या डब्यात रेशनच्या गव्हाचं पीठ उरलं होतं ते मोजून चार वाट्या. मी, हे आणि सात वर्षांची अंबिका. त्या रविवारी दुपारी चिंचपोकळीच्या एका चाळीत डबलबारी होती. डबलबारी म्हणजे दोन मंडळं समोरासमोर, भजनातून एकमेकांची उणीदुणी काढत बसायची. संपात करमणूक म्हणून तेवढीच उरली होती. हे पखवाज काखेला मारून दारात उभे राहिले.

"मूठभर कणीक दे."

"पोरीच्या तोंडचं काढून चामड्याला चोपडता?" मी म्हणाले. "एवढी हौस आहे तर जा, शेजारी मागा."

शेजारी मागणार नाहीत हे मला माहीत होतं. संपात दुसऱ्याच्या घरी कणीक मागायची म्हणजे त्याच्या पोराच्या ताटात हात घालायचा. ते तसेच गेले.

मीही गेले मागून, बायकांच्या बाजूला बसले. पहिल्याच थापेला सगळ्या अंगणाला कळलं. समोरच्या बुवाने लगेच चालीत बसवून टोमणा मारला, की पखवाजवाल्याची बायको माहेरी गेली वाटतं, घरात कणीक मळायला कोणी नाही. दोनशे माणसं हसली. त्यातल्या एकाच्याही घरात धड पीठ नव्हतं, तरी हसली. मलाही हसू फुटलं. कसं फुटलं ते देवाला ठाऊक, उपाशी माणसाचं काही खरं नसतं. यांनी वळून पाहिलं आणि मी हसताना त्यांना दिसले.

गजर संपला. दोन टिचक्या वाजल्या. पाणी पिऊन येतो म्हणून हे उठले ते गेलेच.

पखवाज बुवांनी घरी आणून दिला. मी गावी दिराला लिहिलं, परळची सगळी इस्पितळं धुंडाळली, चौकीत बसून राहिले, वरळीच्या खडकांवर ओहोटीला हिंडले. ज्यांचं माणूस मेलं त्यांना रडून तरी घेता येतं. मला तेही येईना. रोज संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की माझा हात परातीत थांबायचा.

शिमग्याच्या आधी एका सोमवारी मी लालबाग मार्केटच्या तोंडाशी जगनच्या गाळ्यावरून चालले होते. जगन वरळी कोळीवाड्याचा. बापाची होडी भावाने घेतली, याने टेपरेकॉर्डर घेतला. कॅसेट कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या त्या मंडळांची भजनं हा रविवारी जागेवर जाऊन भरायचा आणि सोमवारी नवी कॅसेट गाळ्यात लावायचा, वर बॉलपेनने मंडळाचं नाव आणि जागा. लोक सोमवारची वाट बघायचे. गाळ्यात नवी कॅसेट वाजत होती आणि पखवाजाचा धुमा कोरा होता.

"कुणाची रे ही?"

"काळाचौकीचं मंडळ, वहिनी. कालच भरली. एकदम फ्रेश माल."

"पखवाजाला कोण?"

"त्यांचाच माणूस. का?"

"धुमा कोरा आहे."

जगनने कान यंत्राला लावला. "काल तर मस्त बोलत होता," तो म्हणाला आणि आवाज कमी-जास्त करून बघू लागला. तेवढ्यात गजर संपला आणि धुम्यावर दोन हलक्या टिचक्या पडल्या. मी शेजारच्या मिरचीवाल्याच्या पायरीवर खाली बसले. जगनला वाटलं मला ठसका लागला. त्याने पाणी दिलं.

पुढच्या रविवारी त्या मंडळाची बारी परळला होती. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. पखवाजाला कुणी चंदू म्हणून होता, दोन्ही हातांना पाच-पाच बोटं. त्याने धुम्याला कणीक लावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, चांगली बोटभर जाड. आवाज असा भरदार की छाती हलत होती. यांच्या हाताचा त्यात मागमूस नव्हता. मी स्वतःलाच शिव्या घालत घरी आले.

सोमवारी जगनच्या गाळ्यात तीच बारी वाजत होती. धुमा कोरा. गजराच्या शेवटी दोन टिचक्या.

मग मला नादच लागला म्हणा. सोमवारी नवी कॅसेट ऐकायची, पुढची बारी कुठे ते विचारायचं आणि रविवारी पायी तिथे जायचं. नायगाव, शिवडी, बीडीडी चाळी, एकदा थेट गिरगावात फणसवाडीला. अंबीला कधी बरोबर न्यायचे, कधी चाळीत शेजारच्या बकुळाच्या नजरेखाली ठेवायचे. मंडळं वेगळी, माणसं वेगळी. समोर बसून ऐकावं तर सगळं जिथल्या तिथे. कॅसेटमध्ये मात्र तो एकच हात.

हे माझ्या डोक्यातलं असतं तर बरं झालं असतं. पण गिऱ्हाइकं कॅसेटी परत आणू लागली. "काय रे, कोरा पखवाज भरून देतोस?" म्हणून जगनशी भांडू लागली. त्याने माइक बदलला, यंत्र खोलून साफ केलं, मेव्हण्याचं यंत्र आणलं. काही फरक पडला नाही.

फणसवाडीची कॅसेट त्याने मला गाळा बंद करून ऐकवली. दोन बाऱ्यांच्या मधे थोडा वेळ लोक पाणी पितात, गप्पा मारतात, पखवाजवाला कणीक नीट करतो. त्या गलक्यात एक आवाज होता, अगदी माइकला लागून. खर्र, खर्र. नाण्याने चामडं खरवडल्याचा.

"कणीक काढतायत," जगन म्हणाला.

"कोरा आहे तो. त्यावर काढायला काय आहे?"

खरवडणं चालूच होतं, घाईघाईने, भांड्याच्या तळाशी काही उरलंय का बघावं तसं. जगनने बटण दाबून ते थांबवलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

"वहिनी, मी भरायचं बंद करतो. आपण मच्छी विकू, हे नको."

मी त्याचे पाय धरले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस, पण धरले. "बंद केलंस तर मी त्यांना शोधू कुठे? माझ्याकडे दुसरं काय आहे रे? एवढा एक आवाज आहे. एकदा भर. मी सांगते तिथे भर, मग काय ते कर."

रामू बुवांचं मंडळ हे गेले त्या दिवसापासून बसलंच नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, बुवा, आमच्या चाळीत पूजा आहे, रविवारी चार वाजता एक बारी करा. पखवाजाला कुणालाही आणा. फक्त यांचा पखवाज शेजारी मांडून ठेवायचा.

"गो सुभद्रा, माणूस नाय आणि पखवाज कशाक मांडूचो?"

"मांडा. तुमच्या पाया पडते."

बुवांनी होकाराची मान हलवली.

रविवारी मी डब्यातलं पीठ काढलं. त्याचे तीन वाटे केले आणि मळले. एक गोळा वाटीत घेतला, यांच्यासाठी. दोन परातीत झाकून ठेवले, संध्याकाळी माझ्या आणि अंबीच्या पोळीसाठी. अंबीला ताप होता म्हणून ती वर खोलीतच पडून होती. मी दाराला बाहेरून कडी-कुलूप घातलं आणि चावी बकुळाला न देता कनवटीला लावली.

खाली अंगणात सतरंजीवर मी पखवाज मांडला. धुमा कोरा. त्याच्यापुढे कणकेची वाटी ठेवली. मनात म्हटलं, घ्या, चुकलं माझं, पोटभर घ्या.

बारी तासभर चालली. मी वाटीवरून नजर काढली नाही. पापणीही लवली नसेल. पखवाज होता तसा पडून राहिला, कणीक होती तशी राहिली.

लोक पांगल्यावर जगनने कॅसेट मागे फिरवली. मी, तो आणि बुवा, तिघंच. उजेड होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे काढत होतं.

आधी दोन पखवाज ऐकू आले. एक भरदार, एक कोरा.

बुवांनी तोंडावर पंचा धरला. "भिकलो," एवढंच म्हणाले. यांना ते त्याच नावाने हाक मारायचे.

पहिला अभंग संपला. मग खरवडणं. खर्र, खर्र.

मग ते थांबलं.

बराच वेळ काही नाही.

मग थप. थप. थप. ओली कणीक चामड्यावर थापल्याचा आवाज. तो आवाज मी रोज परातीवर काढते, मला कोणी शिकवू नये.

आणि धुमा बोलला. खोल, भरदार, पोटातून. मी रडायला लागले. घेतली म्हटलं, माझी घेतली.

बुवा वाटीकडे बघत होते. मीही पाहिलं. गोळा जागच्या जागी होता, वर पातळ पापुद्रा धरलेला. त्यावर नखाचीसुद्धा खूण नव्हती.

मी जिना कशी चढले मला आठवत नाही. कडी होती तशी होती. चावी माझ्याच कनवटीला. कुलूप काढलं. अंबी अंथरुणात बसली होती, ताप उतरलेला, कपाळ गार.

परातीवरचं ताट बाजूला ठेवलं होतं. आत एकच गोळा होता.

"बाबा आलेले," अंबी म्हणाली. "मला विचारलं, यातली तुझी कुठली? मी दाखवली."

"मग?"

"तेवढीच नेली."

उरलेला गोळा माझा होता. त्यावर तीन बोटं टेकवल्याची खूण होती. दोन लांब आणि मधे एक आखूड. चाचपून बघून ठेवून दिला होता.

त्या दिवसापासून जगनच्या एकाही कॅसेटमध्ये कोरा धुमा वाजला नाही. टिचक्याही नाहीत. त्याचं गिऱ्हाईक परत आलं. माझं काय झालं ते कोणी विचारलं नाही. कोरा होता तोवर मी त्यांना शंभरात ओळखत होते. आता सगळे धुमे भरदार, त्यातला त्यांचा कुठला हे कसं कळायचं? तरी मी जात राहिले. गिरण्यांच्या चिमण्या पडल्या, तिथे काचेच्या इमारती आल्या, कॅसेटी जाऊन सीड्या आल्या, आता मोबाईलवर नवीन मंडळांची भजनं येतात. जे नवीन येईल ते मी ऐकते. कान लावून शेवटपर्यंत ऐकते.

अंबिका आता दिव्याला असते, तिला दोन मुलं आहेत. मागच्या वर्षी बोलता बोलता म्हणाली, "आई, दर रविवारी माझी कणीक एका पोळीची कमी भरते. मोजून घेतलं तरी." इतक्या सहज म्हणाली की मी पुढे काही विचारलं नाही.

मी रोज एक गोळा जास्त मळते आणि परातीत उघडा ठेवते. सकाळी तो कडक झालेला असतो. चाळीस वर्षं झाली, अजून त्याला कोणी हात लावलेला नाही.