अकरा हजार दोनशे सहा जबडे

बाई आल्या तेव्हा शंकासुर चहा गाळत होता आणि त्याचा मेहुणा पेपरातलं शब्दकोडं चुकवत होता.

शंकासुर हे अर्थातच खरं नाव नव्हे. लोकांचे गुंते सोडवून देणं हा त्याचा धंदा आणि ‘हे कशावरून?’ हे त्याचं पालुपद, त्यामुळे ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ. निवृत्त झाल्यापासून मदतीच्या नावाखाली त्याने इथेच ठाण मांडलं होतं.

बाई एका कवळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकप्रमुख. नऊ गावांत नऊ कारखाने. दंतवैद्य जबड्याचं माप संगणकावरून पाठवतात आणि कारागीर त्यावरून दात घडवतात. एका जबड्याची एक फाइल. ती हरवली, की बिचाऱ्या रुग्णाने पुन्हा खुर्चीत बसून तोंड वासायचं. म्हणून सगळ्या फायलींचा रोज बॅकअप घ्यायचा, म्हणजे एक जादा प्रत दुसरीकडे ठेवायची, असं ठरलं होतं. त्यासाठी दोन यंत्रणा तीन महिने पारखायच्या होत्या. एक बाईंनी बसवलेली, दोन वर्षं चालू असलेली, दुसरी एका विक्रेत्याची नवी.

“सोमवारी परीक्षा झाली,” बाई म्हणाल्या. “सगळ्यात लांबच्या कारखान्याच्या प्रती कोऱ्या संगणकावर उतरवून पाहिल्या. विक्रेत्याकडून सगळं परत आलं. माझ्याकडून बारा तारखेपासूनचा एकही जबडा आला नाही. आणि माझ्या रोजच्या अहवालात तर ‘प्रत पूर्ण’ असं लिहिलेलं. संचालक नऊही कारखान्यांच्या मुकादमांसमोर म्हणाले, बाईंनी अहवाल खोटे रचले. शुक्रवारी मला काढून टाकणार आहेत.”

“रचलेत का?”

“बावीस वर्षांत चुका पुष्कळ केल्या. खोटेपणा नाही केला.” नोकरीपेक्षा ‘खोटे’ हा एक शब्द बाईंना जास्त लागला होता.

त्यांनी अहवालांची चळत टेबलावर ठेवली. मेहुण्याने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. सुरुवातीच्या दिवसांत फायलींची संख्या रोज थोडी वाढत होती. अकरा हजार चाळीस, मग अकरा हजार एकशे दोन, असं करत ती अकरा हजार दोनशे सहावर गेली आणि पुढे महिनाअखेरपर्यंत तिथेच राहिली. प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण होती.

“भाऊजी, यात काही दम नाही,” मेहुणा जांभई देत म्हणाला. “सगळं हिरवंगार आहे.”

शंकासुराने चहाचा कप खाली ठेवला आणि ते कागद स्वतःकडे ओढून घेतले.

दोघांनी आधी विक्रेत्याला गाठलं, तर तो गोडबोल्या निघाला. त्या लांबच्या कारखान्यात आपली प्रती घेणारी पेटी बसवायला तो बारा तारखेलाच गेला होता, हे त्याने लपवलं नाही. मेहुण्याने शंकासुराला कोपराने ढोसलं. पेटी कुठे जोडायची हे कोणी दाखवलं, असं शंकासुराने विचारलं.

“कोणीच नाही. मी नकाशे बघत बसत नाही, साहेब. कारागीर ज्या संगणकापुढे बसलेले दिसतात, त्याला जोडतो आणि मोकळा होतो.”

“चोराच्या मनात चांदणं,” बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला.

त्या कारखान्यात प्लास्टरची पांढरी भुकटी सगळीकडे बसली होती. मुकादम मात्र टापटिपीचा माणूस. त्याच्या टेबलावरच्या संगणकाच्या कडेला अजून पारदर्शक कागद चिकटलेला होता. मागच्या भिंतीवर एक फोटो होता. संचालक त्याला फीत बांधलेलं, छातीएवढं खोकं देत होते. खाली लिहिलं होतं, ‘उत्तम कारखाना’, आणि अकरा तारीख.

साठवणीच्या खोलीत पोत्यांच्या शेजारी आणखी एक संगणक होता. त्याचा हिरवा दिवा चालू होता आणि वर कागद डकवलेला होता: ‘हा संगणक बंद करू नये. संचालक.’

“एकदा झाडणाऱ्याने याची वायर काढली होती, तेव्हापासूनचा हुकूम,” मुकादम म्हणाला. “वरचा शब्द म्हणजे शब्द. मी रोज फडकं मारतो, पण हात म्हणून लावत नाही.”

“हात न लावता फडकं?” मेहुण्याने विचारलं. मुकादमाला ते आवडलं नाही.

“कारागीर या खोलीत कधी येतात?” शंकासुराने विचारलं.

“पोतं लागलं तर. नाहीतर कशाला येतील?”

परतताना शंकासुर शीळ घालत होता. मेहुण्याने तीनदा विचारूनही त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत संचालक, बाई आणि विक्रेता जमले. पडद्यावर नऊही मुकादम होते. बाईंनी टेबलाचे खण आधीच रिकामे करून ठेवले होते.

“खोटा अहवाल रचणारा आकडे वाढवत नेतो,” शंकासुराने सुरुवात केली. “कारखान्यात रोज नवे जबडे येतात हे त्याला ठाऊक असतं. इथे रोज तेवढेच. म्हणजे हे अहवाल कोणी रचलेले नाहीत. प्रत खरोखरच रोज निघत होती, पण अशा संगणकाची, ज्यावर बारा तारखेपासून कोणी कामच करत नव्हतं.”

मेहुण्याने हळूच चष्मा काढला.

“साहेब, अकरा तारखेला त्या खोक्यात काय होतं?”

“नवा संगणक,” संचालक म्हणाले. “बक्षीस दिलं. तो गुन्हा झाला?”

“गुन्हा कोणीच केला नाही. मुकादमांनी जुन्या फायली नव्यावर घेतल्या आणि काम तिथे सुरू केलं. जुन्यावर तुमचा हुकूम होता, म्हणून त्यांनी तो पोत्यांजवळ चालू ठेवला. त्यात बाईंची यंत्रणा होती. ती इमानाने तेच अकरा हजार दोनशे सहा जबडे रोज पाठवत राहिली. विक्रेते दुसऱ्या दिवशी गेले आणि त्यांनी पेटी नव्याला जोडली. त्यात त्यांची हुशारीही नाही आणि लबाडीही नाही. आता एवढंच सांगा, या बक्षिसाची खबर बाईंच्या विभागाला दिली होतीत?”

“नाही,” म्हणत संचालक पडद्याकडे वळले.

“बाईंचे अहवाल खरे होते. मी त्यांना तुमच्यासमोर खोटं ठरवलं. चूक माझी होती.”

बाईंनी डोळे पुसले, पण लगेच म्हणाल्या, “माझीही आहे. मी रोज हिरवा रंग पाहिला, आकडा नाही.”

“मग यंत्रणा कोणती घ्यायची?” संचालकांनी विचारलं.

“कोणतीही घ्या. दर महिन्याला प्रत्येक कारखान्याच्या फायली परत काढून बघायला मला अर्धा दिवस द्या. तो मिळणार नसेल तर मी थांबत नाही.”

संचालक उत्तर देणार तोच पडद्यावर दुसऱ्या एका मुकादमाने बिचकत हात वर केला. गेल्या वर्षी उत्तम कारखान्याचं बक्षीस म्हणून असाच नवा संगणक त्याला मिळाला होता.

बाईंनी पेन उघडलं आणि वही पुढे ओढली.

“दादा, कोणत्या तारखेला?”

“बाई,” संचालक म्हणाले, “अर्धा नको, पूर्ण दिवस घ्या.”