बाबांचा तराजू

त्या दुपारी मी मस्तगडला आईच्या घरी दोन कामांसाठी गेले होते. बाबांचा तराजू कडूबाच्या हवाली करायचा आणि आईला माझ्याकडे संभाजीनगरला न्यायचं. बाबा गेल्यापासून आईचं एकच चालू होतं, "ह्यांना एकटं टाकून मी येत न्हाई."

बाबा म्हणजे जादूगार इम्मानुएल साळवे. चर्चमधल्या नाताळच्या कार्यक्रमापासून सुरुवात केली, मग जिल्ह्यातल्या जत्रा गाजवल्या. विकतची जादू त्यांना चालत नसे. खेळ स्वतः शोधायचे. हा तराजू त्यांनी परतूरच्या कापूसबाजारातून आणलेला. एका पारड्यात पोती, दुसऱ्यात आई. पडदा पडायचा, उठायचा. आई गायब, पण तिचं रिकामं पारडं वर जायचं नाही. दांडी हलू न देणारी एक लपवलेली खिट्टी होती, एवढंच.

कडूबा टेंभुर्णीचा, बाबांचा चेला. नेण्याआधी त्याने पोती चढवून पाहिली, मग खिट्टी काढून माझ्या हातात दिली.

रिकामं पारडं वर गेलं नाही.

"गंज चढला असंल, ताई..." म्हणत त्याने पारड्याला हात लावला. ते जडपणे झुललं. खोलीत चमेलीच्या तेलाचा वास आला. बाबा खेळाआधी केसांना लावायचे, तो.

कडूबाने टोपी काढली. "उस्ताद... न्हाई नेत मी. राहू द्या."

आई हात पुसत बाहेर आली. पारड्याकडे बघून हसलीच. "जन्मभर मला बसवलं, आता सोता बसलेत व्हय?" मग हळू आवाजात म्हणाली, "उठा आता. पोरगी खोळंबलीय. मी चालले तिच्याकडं... तुमी बी चला."

पारडं वर गेलं. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून कुणी उतरावं तसं.

कडूबाने पोती उतरवली आणि तराजू टेम्पोत चढवला. आईने आपली पिशवी आपणच आणली आणि गाडीत मागे बसली. मी गाडी सुरू केली, तशी माझ्या शेजारच्या सीटच्या पट्ट्याची घंटी वाजू लागली. सीटवर काहीच नव्हतं.

"त्यांना कुठं जमतंय ते," आई मागून म्हणाली. "लाव तूच."

मी वाकून पट्टा ओढला, खटका बसवला. घंटी थांबली.

पट्टा सीटला टेकला नाही. मध्ये माणसाएवढी जागा सोडून तो ताणलेला राहिला... आणि संथपणे वर-खाली होऊ लागला.