‘मागचा बाक’मधलं हसू

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने स्टुडिओची बेल वाजवली. दार उघडणाऱ्याने आधी तिच्या हातातल्या रेकॉर्डरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तुम्हाला त्याने पाठवलंय?”

“मला कुणी पाठवत नाही,” ती म्हणाली. “मी जाते.”

‘तो’ म्हणजे खडू. रॅपर. त्याचा पहिला अल्बम, ‘मागचा बाक’, दहा वर्षांनी शुक्रवारी नव्याने निघणार होता. नव्या कव्हरवर ओळ होती – ‘सबकुछ खडू’. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिला त्यावर पानभर लिहायचं होतं. कॉलेजच्या बसमध्ये तिने हा अल्बम पाठ केला होता. हे मात्र ती कुणाला सांगत नसे.

तिसऱ्या गाण्याचा, ‘हजेरी’चा ठोका शिलाई मशीनचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मशीन आईचं, असं खडू प्रत्येक मुलाखतीत डोळे पुसत सांगायचा. आणि तो अल्बम रेकॉर्ड करणारा, दारात उभा असलेला हा साउंडवाला आता तिला म्हणत होता, मशीन माझ्या मावशीचं, ठोकाही मीच बांधला.

“मग दहा वर्षं गप्प का होतात?” आत येऊन बसत तिने विचारलं.

“कुणी विचारलं नाही.”

“सोयीचं उत्तर आहे.”

“असेल... पेन थांबवता का जरा? माइक चालू आहे.”

विचार करताना पेनाचं बटण दाबत राहायची तिला सवय होती. टक-टक, टक. तिने पेन पर्समध्ये टाकलं.

त्याने जुना कॉम्प्युटर सुरू केला. ‘हजेरी’चे सगळे आवाज तिथे सुटेसुटे ठेवलेले होते. हेडफोन दोन होते, पण एकाची वायर इतकी आखूड की खुर्च्या एकमेकींना टेकल्या.

“वायर एवढीच?”

“एवढीच.” तो स्क्रीनवरून नजर हलवत नव्हता. जरा जास्तच काळजीपूर्वक हलवत नव्हता, असं तिला वाटलं.

मशीन खटखटलं, थांबलं. आणि गाण्यात कधीच न आलेला एक आवाज तिने ऐकला. एक बाई हसली. दोनदा वर चढून शेवटी श्वासात अडकणारं, मोकळं हसू.

“ही कोण?”

“मावशी.”

“मावशी अशी हसते?”

“मावशीने कसं हसायचं असतं?”

हसू फार तर पंचविशीतलं होतं. तिला कुठेतरी टोचलं, आणि त्या टोचण्याचा लेखाशी काही संबंध नव्हता. निघताना उघड्या खणात तिला वेटोळं घातलेली लांबलचक वायर दिसली.

“ही काय?”

“ही... ही विसरलोच होतो.”

“हं,” ती म्हणाली.

बुधवारी तिने खडूला फोन करून मशीन बघायला मागितलं. आईने ते भंगारात दिलं, असं तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी ती साउंडवाल्याला न सांगता त्याच्या मावशीकडे गेली. त्याला पढवून ठेवायला वेळ मिळायला नको. मावशी साठीच्या पुढची, कपडे शिवणारी. मशीन होतं. पण खटखट कुठलंही मशीन करतं. तो काही पुरावा नव्हे.

“तू त्याची कोण गं?” मावशीने शिवता शिवता विचारलं.

“कुणी नाही. रेकॉर्डिंगमध्ये एक बाई हसते. तो म्हणतो, त्या तुम्ही.”

“आणि तुला काय वाटलं?”

“मला वाटलं... त्याची मैत्रीण असेल.”

मावशीचा पाय थांबला. आणि मावशी हसली. दोनदा वर चढून, शेवटी श्वासात अडकून. सहीसही तेच.

“त्याला मैत्रीण? त्या मेल्याला पोरीपुढे स्वतःचं नाव सांगायला घाम फुटतो! परवा मात्र फोनवर तासभर कुणा पेनवालीबद्दल बोलत होता.” मावशीने चष्म्यावरून पाहिलं. “पेन आहे का गं तुझ्याकडे?”

हे मात्र पढवलेलं असू शकतं, असं ती जिना उतरताना स्वतःला बजावत राहिली.

चार वाजता ती स्टुडिओत होती. “तुम्ही खरं बोलत होतात. उद्या तुमचं नाव छापून येईल.”

“नको,” तो म्हणाला. “गाळा.”

“का?”

“तुम्हाला कायम वाटेल, नावासाठीच मी... ते वायर वगैरे.”

“वायर वगैरे?”

“लांब वायर आहे हे मला माहीत होतं.”

हसू आलं होतं. तिने ते गिळलं. “पडताळलेली गोष्ट मला गाळता येत नाही.”

“मग माझ्यावर विश्वास कसा ठेवणार?”

“नाव छापून आलं की माणसं फोन करायची थांबतात,” ती म्हणाली. “तुमचं बघू.”

शुक्रवारी सकाळी अंक बाजारात आला. नऊ वाजता खडूच्या मॅनेजरने गैरसमज झाल्याचं कळवलं. दहाला अल्बमच्या कंपनीने सांगितलं की कव्हरवरच्या ओळीचा फेरविचार चालू आहे. साउंडवाल्याचा फोन आला नाही. बारापर्यंत नाही, दोनपर्यंत नाही. तिने जेवणाचा डबा उघडून तसाच बंद केला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मेल आला. मजकूर नाही, फक्त अकरा सेकंदांचा आवाज. तिने हेडफोन लावला.

टक-टक, टक. टक-टक, टक. तिचं पेन. खाली मावशीचं मशीन, हळू, पेनाला सांभाळून घेत चाललेलं.

फाइलवर तारीख मंगळवारची होती. वेळ दुपारी साडेबाराची. म्हणजे ती स्टुडिओतून निघाल्यावर लगेच. तिचा त्याच्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता तेव्हाची. तिचे कान तापले. तरी तिने लिहिलं, “फाइलवरची तारीख बदलता येते का?”

मिनिटभरात उत्तर आलं. “येते. तू येऊन तपास. लांब वायर काढून ठेवतो.”

गुरुवारपर्यंत ‘तुम्ही’ होतं. तिने उत्तर दोनदा वाचलं.

“वायर राहू दे,” तिने लिहिलं, पेन उचललं आणि रेकॉर्डर टेबलावरच ठेवला.

पाच वाजून पाच मिनिटांनी तिने बेल वाजवली. संध्याकाळी सातपर्यंत कव्हरबद्दल कंपनीचा निर्णय आलेला नव्हता. तीही ऑफिसला परतलेली नव्हती.