चाळिसावा नमुना

० टक्के

हुपरीहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीत एका सीटवर शिवलीला बसली होती आणि शेजारी, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेला, तिचा कॉम्प्युटर.

"पावण्यांचं तिकीट काढलंय व्हय?" उभ्या असलेल्या एका तरुणानं विचारलं.

तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

"मांडीवर घ्या त्याला. सीटवर हादरे बसत्यात. आतली डिस्क नाजूक असती."

तिनं घाबरून डबा मांडीवर घेतला. रिकाम्या सीटवर तो आरामात बसला, आणि मग तिच्या लक्षात आलं – सल्ला फुकटचा नव्हता.

तासाभरानं, पत्ता विचारत विचारत ती शाहूपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात पोचली, तर काउंटरमागं… तोच.

७ टक्के

मामेभावानं लग्नाचे फोटो पेनड्राइव्हमधून आणले, सोबत व्हायरस आला, आणि सगळे फोल्डर गायब झाले. वर आतून टकटक. त्यानं डब्याला कान लावला. बराच वेळ.

"फोल्डर व्हायरसनं नुसते लपवल्यात. ते हुईल. पण डिस्क जायला लागलीया. एका वेळी थोडंच वाचंल, तापली की थांबायचं. आधी काय काढायचं, ते तुमी हितं बसून सांगा."

काय काढायचं ते तिनं खाली बघत सांगितलं. वडलांनी, अण्णाप्पांनी, चाळीस वर्षांत हातानं काढलेले पैंजणांचे एकोणचाळीस नमुने. चांदीच्या कारखान्यात काही टाकून देत नाहीत. केर, चिंध्या, बसायचं पोतंसुद्धा जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. तिनं नमुन्यांची वही स्कॅन केली, तसं अण्णाप्पांनी ती वहीही केराबरोबर भट्टीत दिली. पानापानांत चांदीची धूळ होती ना. निघाली चिमूटभर. आता त्यांचा हात थरथरतो, नमुने पुन्हा काढता येत नाहीत. फोल्डर गेल्यापासून ते आपल्या कामाच्या जागेवर बसलेलेच नाहीत.

तो हसला नाही, हे तिनं लक्षात ठेवलं.

पावतीवर त्यानं तिचं पूर्ण नाव लिहिलं. खाली आपलंही – प्रसेनजीत, वडलांचं नाव, लगेच जात सांगणारं ठळक आडनाव – आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काय विचारायचं ते आत्ताच विचारा, अशा सुरात.

तिनं विचारलं, "गुरुवारी येऊ?"

३१ टक्के

गुरुवार. लोडशेडिंग. वीज आली की डिस्कवर टेबलफॅन, आणि दोन चहा. एकेक नमुना पडद्यावर उतरायचा, वरून खाली, सावकाश. ती नावं सांगायची. चिंचपान. दुहेरी साखळी. तो पुढच्या खेपेला ती बरोबर म्हणून दाखवायचा.

६४ टक्के

बाहेर भुरभुर पाऊस. ती छत्री मिटत पायरी चढली. तो पाठमोरा, स्क्रू काढत होता.

"आज सतरावा घातलाय," तो न बघता म्हणाला.

ती थांबली. "कसं कळलं?"

"घुंगरू दाट हाईत त्याला. दिवसभर आवाजच ऐकायचं काम हाय की माझं."

"डिस्कचा आवाज…"

"तेच म्हणतोय."

त्या दिवशी डिस्क फार तापली. निदान तो तसं म्हणाला.

१०० टक्के

एकोणचाळिसावा नमुना उतरला आणि डिस्कनं एक शेवटची टक केली. मग काहीच नाही.

त्यानं दोन सीडी करून दिल्या, एक कारखान्यापासून लांब ठेवा म्हणाला. तिनं पावती परत दिली. आता यायला कारण उरलं नव्हतं.

पायरीवरून ती वळली.

"एक राहिलाय."

"कुठला?"

"चाळिसावा."

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग तिच्याकडं. "ह्या डिस्कवर चाळिसावा कधी न्हवताच."

"म्हाईत हाय मला."

फॅन नुसताच फिरत होता. प्रसेनजीतनं पावती उलटी केली, कोरी बाजू तिच्यापुढं सरकवली, कानावरची पेन्सिल वर ठेवली.

"मग तो हितं बसूनच काढाय लागंल."

"एका दिवसात न्हाय हुयाचा," शिवलीला पेन्सिल उचलत म्हणाली. "एका वेळी थोडाच."

५० टक्के

घरी तिनं छापून आणलेले एकोणचाळीस नमुने अण्णाप्पांनी पाहिले. एकेकावर थरथरतं बोट फिरवलं. मग पेन्सिलीनं काढलेली वेल हाती आली.

"ही माझी न्हवं."

"माझी हाय, अप्पा."

"अर्धीच?"

"गुरुवारी हुईल… उरलेली."

त्यांनी कागद उलटा केला. दोन नावं, एकाखाली एक. दुसरं त्यांनी आडनावासकट वाचलं, आणि पुन्हा एकदा. ती दाराची कडी धरून उभी होती.

अण्णाप्पा उठले. कितीतरी दिवसांनी आपल्या जागेवर जाऊन बसले, दिवा पुढं ओढला, चिमटा मागितला. पावती तिच्या हातात परत दिली – वेलीची बाजू वर.

"पुरी कर," म्हणाले. "अर्ध्यावर घडवायला घेत न्हाईत."